गृहकर्जातून घरांचं उत्सर्जन कमी करायचं, तर व्याजातली सूट पुरत नाही

प्रश्न असा आहे: गृहकर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था घरांमुळे होणारं कार्बन उत्सर्जन खरोखर कमी करू शकतात का? करू शकत असतील तर नेमकं काय करून? की 'हरित गृहकर्ज' ही नुसती जाहिरात आहे?

करू शकतात. पण आज बाजारात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, म्हणजे आधीच चांगल्या असलेल्या घराला व्याजात थोडी सूट, हाच सगळ्यांत कमी कामाचा आहे. ते घर कर्जाचा अर्ज येण्याआधीच बांधून झालेलं असतं. सूट दिली नसती तरी तिथे वीज आणि गॅस तेवढाच लागला असता. उत्सर्जन घटतं ते वाईट घर सुधारल्यावर, किंवा नवं घर बांधताना कमी सिमेंट आणि पोलाद लागल्यावर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने इमारतींच्या रोजच्या वापरात जगाच्या अंतिम ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा जाते आणि ऊर्जेशी निगडित उत्सर्जनाचा सुमारे २६ टक्के वाटा त्यातून येतो. यातली बरीच घरं तारण म्हणून कोणत्या ना कोणत्या बँकेच्या कपाटात आहेत. पैसा कधी सोडायचा, कशासाठी सोडायचा आणि काय तपासून सोडायचा, हे ठरवणं बँकेच्या हातात असतं, आणि तिची ताकद तिथेच आहे.

आधी आकडे बघू. चलन कोणतंही धरा. १,००,००० चं कर्ज, २० वर्षं मुदत, ८ टक्के व्याज: मासिक हप्ता साधारण ८३६. हरित सूट म्हणून ०.१० टक्का कमी केला तर हप्ता ८३० होतो. महिन्याला सहा वाचले. एवढ्यासाठी कोणी छप्पर उघडून इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, घालत नाही. आता दुसरा मार्ग घ्या. सुधारणेचा खर्च ८,००० आहे. तो याच गृहकर्जात, त्याच दराने आणि त्याच मुदतीने मिळवला तर हप्ता सुमारे ६७ ने वाढतो. तेच ८,००० पाच वर्षांच्या वैयक्तिक कर्जावर १४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १८६. घराच्या वीज-गॅस बिलात महिन्याला ८० वाचणार असतील, तर पहिल्या प्रकारात पहिल्याच महिन्यापासून १३ हातात राहतात आणि दुसऱ्यात १०६ खिशातून जातात. काम तेच, घर तेच. मुदत आणि दर बदलला की कुटुंबाचा निर्णय बदलतो. दीर्घ मुदतीचं, तारण असलेलं, स्वस्त कर्ज फक्त गृहकर्जदात्याकडेच असतं, म्हणून त्याने व्याजदर कुरतडत बसण्यापेक्षा कर्जाची रक्कम वाढवावी.

ब्रिटनच्या 'ग्रीन डील'मध्ये याची उलट बाजू दिसली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुधारणेचं कर्ज वीजबिलातून फेडायचं होतं, व्याज सात टक्क्यांच्या आसपास होतं आणि गृहकर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता. गृहकर्जं त्याहून कितीतरी स्वस्त होती. लोकांनी पाठ फिरवली आणि २०१५ मध्ये सरकारने निधी थांबवला. नेदरलँड्समध्ये याउलट मर्यादाच हलवली. तिथे घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ऊर्जाबचतीच्या कामांसाठी ते १०६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. शिवाय २०२४ पासून उत्पन्नावर आधारित कर्जमर्यादा घराच्या ऊर्जा लेबलशी, म्हणजे घराला ऊर्जा किती लागते ते सांगणाऱ्या श्रेणीशी (ए चांगली, जी सर्वांत वाईट), जोडली आहे. ई, एफ, जी लेबलचं घर नुसतं विकत घ्यायला काहीही जादा मिळत नाही, पण तेच घर सुधारायला २०,००० युरोपर्यंत जादा कर्ज घेता येतं. अमेरिकेत बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या 'होमस्टाइल एनर्जी' कर्जात काम पूर्ण झाल्यानंतरच्या मूल्यांकनाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम अशा कामांना वापरता येते. 'काम पूर्ण झाल्यानंतरचं मूल्यांकन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घर आज आहे त्या किमतीवर अडून बसलात तर सुधारणेला जागाच उरत नाही.

वेळेचा मुद्दा पैशाइतकाच मोठा आहे. घर विकत घेतल्यापासून राहायला जाईपर्यंतचे काही आठवडे घर रिकामं असतं. भिंती उघड्या करता येतात, फरशी उचलता येते, मुलांची परीक्षा आड येत नाही. एकदा सामान लागलं की तेच काम दहा वर्षं पुढे जातं. म्हणून ऊर्जेचा प्रश्न मंजुरीपत्रानंतर माहितीपत्रकातून विचारण्यात अर्थ नाही, तो अर्जाच्या पहिल्या आठवड्यात यायला हवा. प्रक्रिया साधारण अशी बसवता येते. अर्जात पत्ता आला की ऊर्जा प्रमाणपत्राच्या नोंदणीतून लेबल, क्षेत्रफळ आणि बांधकामाचं वर्ष आपोआप उचलायचं. लेबल वाईट असेल तर घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरच्या फॉर्ममध्ये चार जादा रकाने उघडायचे: छप्पर आणि त्याखालचं इन्सुलेशन, खिडक्यांची काच, गरम पाण्याची आणि तापवण्या-थंड करण्याची यंत्रणा, ओलीच्या खुणा. व्हॅल्युअर तसाही घरात जातच असतो, त्याच फेरीत हे होतं. मंजुरीपत्रात मग दोन आकडे छापायचे: नुसत्या खरेदीचा हप्ता अधिक आजचं अंदाजे ऊर्जाबिल, आणि सुधारणेसह हप्ता अधिक नंतरचं बिल. बहुतेक ठिकाणी परतफेडीची ऐपत ठरवताना प्रत्येक कुटुंबाचं ऊर्जाबिल सरासरीने धरलं जातं. गळक्या घराचं आणि नीट बांधलेल्या घराचं बिल एकच धरणं हा जोखमीचा हिशोबच चुकीचा आहे, हवामान बाजूला ठेवलं तरी.

या साखळीत सर्वाधिक वेळा तुटणारा दुवा माणसांचा असतो. कर्ज अधिकाऱ्याचं उद्दिष्ट महिन्याला किती फायली मंजूर झाल्या यावर मोजलं जातं, आणि छपराबद्दल प्रश्न विचारला की फाइल दोन आठवडे लांबते. तो प्रश्न विचारणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून खरेदीची रक्कम वेळेवर सोडायची आणि सुधारणेची रक्कम त्याच करारात मंजूर करून वेगळ्या खात्यात राखून ठेवायची, वापरायला १२ ते १८ महिने द्यायचे. खरेदी अडत नाही आणि अधिकाऱ्याची फाइलही बंद होते.

राखून ठेवलेली रक्कम सोडताना शिस्त लागते. जर्मनीत केएफडब्ल्यू ही सरकारी विकास बँक घरमालकाच्या नेहमीच्या बँकेमार्फत कर्ज देते, आणि अनुदान मिळायचं तर मान्यताप्राप्त ऊर्जा तज्ज्ञाचं प्रमाणपत्र कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही वेळा लागतं. हा दुहेरी शिक्का नसेल तर पैसा स्वयंपाकघराच्या ओट्यात जातो. एक साधी रचना चालते: अंदाजपत्रक आणि घराचा उष्णता-हिशोब (कुठून किती उष्णता बाहेर जाते) तपासून पहिला हप्ता, झाकली जाणारी कामं झाकण्याआधीच्या फोटोंवर दुसरा, आणि १० ते २० टक्के रक्कम चाचणीचा अहवाल येईपर्यंत अडवून ठेवायची. इन्सुलेशनवर एकदा गिलावा झाला की आत किती जाडी आहे, कोपऱ्यात फट राहिली का, हे कोणालाच सांगता येत नाही. फोटोत मोजपट्टी दिसलीच पाहिजे.

कामांचा क्रम चुकला की पैसे गेले, आणि कर्जदात्याचं तारणही बिघडलं. थंड हवामानात आधी घराचं कवच: छप्पर, फटी, भिंती, खिडक्या. हवेची गळती ब्लोअर डोअर चाचणीने मोजतात. दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवायचा आणि तासाला घराची हवा किती वेळा बदलते ते बघायचं. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या पॅसिव्ह हाऊस मानकात हा आकडा ०.६ च्या आत लागतो. जुन्या घराला तो गाठणं सहसा शक्य नसतं आणि गरजही नसते. मात्र फटी बुजवल्या आणि वायुवीजनाची सोय केली नाही तर आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ थंड कोपऱ्यात साचते, बुरशी धरते. भिंतीला आतून इन्सुलेशन लावलं तर मूळ भिंत आणखी थंड पडते. वाफ मागे झिरपली की तिथे पाणी सुटतं आणि भिंतीत घुसलेल्या लाकडी तुळईचं टोक कुजायला लागतं. खिडकीची चौकट, बाल्कनीचा स्लॅब, छप्पर-भिंतीचा सांधा इथे इन्सुलेशन तुटतं. म्हणून मंजूर अंदाजपत्रकात 'वायुवीजन' आणि 'सांध्यांचं काम' अशा दोन वेगळ्या ओळी नसतील तर ते परत पाठवावं. कंत्राटदार दर कमी दाखवायला नेमकं हेच वगळतो.

हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढून आणणारं यंत्र, कवचानंतर, किंवा कवचाबरोबर. खोली तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरत असेल तर हीट पंप एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देतो. ६० अंशांवर चालवावा लागला तर कार्यक्षमता ढासळते आणि बिल बघून मालक चिडतो. खोलीवार उष्णता-हिशोब न करता 'सेफ साइड' म्हणून मोठं यंत्र बसवलं की ते सतत चालू-बंद होत राहतं आणि लवकर झिजतं. अडवून ठेवलेली शेवटची रक्कम सोडताना मागायची कागदपत्रं म्हणजे हा खोलीवार हिशोब आणि कार्यान्वित करतानाचं पाण्याचं नोंदलेलं तापमान.

वीज कशापासून बनते हेही पाहावं लागतं. १०० चौरस मीटरचं, वर्षाला चौरस मीटरमागे २०० युनिट (किलोवॅट-तास) गॅस जाळणारं घर घ्या. एकूण २०,००० युनिट, युनिटला ०.२ किलो धरलं तर ४ टन कार्बन डायऑक्साइड. बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल तर खरी उष्णता १८,००० युनिट, आणि तीनच्या कार्यक्षमतेचा हीट पंप ती ६,००० युनिट विजेत देईल. ग्रिडची वीज युनिटला ०.३ किलोची असेल तर १.८ टन, ०.७ किलोची, म्हणजे कोळशावरची असेल तर ४.२ टन. दुसऱ्या ठिकाणी आज फायदा शून्य, उलट किंचित तोटा, फक्त यंत्राच्या १५-२० वर्षांच्या आयुष्यात ग्रिड सुधारेल ही अपेक्षा. अशा ग्रिडवर कवचाचं काम आणि छतावरची सौरऊर्जा आधी येते.

उष्ण प्रदेशात सगळं चित्रच वेगळं, आणि थंड देशांतून आणलेलं हरित कर्ज तिथे चुकीच्या गोष्टीला पैसे देतं. तिथे पहिला खर्च छतावर: परावर्तक लेप आणि इन्सुलेशन. मग खिडकीला बाहेरून सावली, कारण ऊन काचेतून आत आल्यावर लावलेला पडदा उष्णता घरातच ठेवतो. मग पंखे, आणि शेवटी योग्य आकाराचा एसी. एसीतला वायूही कर्जाच्या अटीत असावा. आर-४१०ए या वायूची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट आहे, आर-३२ ची ६७५ पट, आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० ची फक्त ३ च्या आसपास. आर-४१०ए चा एक किलो गळला तर दोन टन गेले, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घराचं अर्ध्या वर्षाचं गॅस-उत्सर्जन. मेक्सिकोत इन्फोनाविट या कामगार गृहनिर्माण निधीने 'हिपोतेका वेर्दे' म्हणजे हरित तारण कर्ज काढलं तेव्हा जादा रक्कम सौर बंब, कमी पाण्याचे नळ, कार्यक्षम दिवे अशा साध्या वस्तूंच्या यादीला बांधली. तिथल्या हवामानात आणि कमी उत्पन्नाच्या कर्जदारांना तेच झेपणारं होतं.

आता मोजणीकडे. पीकॅफ, म्हणजे पार्टनरशिप फॉर कार्बन अकाउंटिंग फायनान्शियल्स, ही नेदरलँड्समध्ये २०१५ ला सुरू झालेली वित्तसंस्थांची आघाडी. तिची पद्धत आज अनेक बँका वापरतात. गृहकर्जात बँकेचा वाटा म्हणजे शिल्लक मुद्दल भागिले कर्ज देतानाची घराची किंमत. वरच्या घरावर ६० शिल्लक आणि किंमत ८० असेल तर ७५ टक्के, म्हणजे ४ पैकी ३ टन बँकेच्या नावावर. माहितीच्या दर्जाला १ ते ५ गुण देतात: १ म्हणजे मीटरवरचा प्रत्यक्ष वापर आणि त्या वीजपुरवठादाराचाच उत्सर्जन गुणक (युनिटमागे किती उत्सर्जन), २ म्हणजे प्रत्यक्ष वापर, पण सरासरी गुणक, ३ म्हणजे ऊर्जा लेबल आणि क्षेत्रफळ, ४ म्हणजे इमारतीचा प्रकार, ठिकाण आणि क्षेत्रफळ, ५ म्हणजे नुसती घरांची संख्या. बऱ्याच संस्था ४-५ वर अडकलेल्या असतात. पाचव्या दर्जाच्या माहितीवर कोणतं घर सुधारायचं हे ठरवताच येत नाही, कारण तिथे प्रत्येक घर सरासरी असतं. तीनवर जायला फारसा खर्च नाही. प्रमाणपत्राच्या नोंदणीशी पत्ते जुळवायचे असतात. पत्ता लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने जुळणी फसते, म्हणून मालमत्तेचा एकमेव क्रमांक कर्ज प्रणालीत पहिल्या दिवसापासून साठवावा.

लेबलवर आंधळा विश्वासही नको. तपासनीसाला भिंतीच्या आतलं दिसत नाही तेव्हा तो बांधकामाच्या वर्षावरून ठरावीक मूल्य भरतो. शिवाय गळक्या घरात राहणारे लोक थंडीतही एकच खोली तापवतात. मिन्ना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ मध्ये जर्मन घरांच्या अभ्यासात दाखवलं की प्रत्यक्ष वापर लेबलच्या हिशोबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी होता. याचा अर्थ सुधारणेनंतर बचतही कागदावरच्यापेक्षा कमी होणार. ऐपतीच्या हिशोबात पूर्ण बचत धरू नका, दोन तृतीयांश धरा. आणि संमती घेऊन सुधारणेआधीची एक आणि नंतरची दोन वर्षं मीटरचा वापर मागवा, त्या त्या वर्षीच्या थंडी-उन्हाचा फरक वजा करून ताडा.

या आकड्यांत फसवणुकीच्या जागा भरपूर आहेत. कर्ज फिटत गेलं की बँकेचं उत्सर्जन आपोआप घटतं, घर तसंच राहतं. ग्रिड स्वच्छ झाली की घटतं, श्रेय बँक घेते. चौरस मीटरमागे किलो हा आकडा दाखवला की मोठा बंगला छोट्या फ्लॅटपेक्षा चांगला दिसू शकतो. आणि सगळ्यांत सोपी युक्ती: वाईट लेबलची कर्जं दुसऱ्या संस्थेला विकायची किंवा नाकारायची. युरोपीय संघाच्या २०२४ च्या इमारत निर्देशात देशांनी निवासी इमारतींचा सरासरी प्राथमिक ऊर्जावापर २०३० पर्यंत १६ टक्के कमी करायचा आहे, आणि त्यातली किमान ५५ टक्के घट सर्वांत वाईट ४३ टक्के इमारतींतून यायला हवी. त्याच निर्देशात गृहकर्जांच्या संपूर्ण संचाची कामगिरी सुधारण्याचे मापदंडही आहेत. मापदंड चुकीचा लिहिला तर बँका नेमक्या त्या ४३ टक्के घरांपासूनच पळतील. म्हणून वार्षिक अहवालात सरासरीपेक्षा एक आकडा आधी द्यावा: आपल्याच कर्जावर असलेल्या किती घरांचं लेबल यंदा सुधारलं.

वाईट घरांच्या कर्जदारांना चढा दर लावणं मला पटत नाही. अशा घरांत बहुतेकदा कमी उत्पन्नाची कुटुंबं असतात. दर चढवला की सुधारणेला लागणारा पैसाच आपण काढून घेतो आणि ती कुटुंबं दुसऱ्या बँकेतही जाऊ शकत नाहीत. सवलत द्यायचीच तर काम तपासून झाल्यावर उरलेल्या मुदतीसाठी द्यावी. बँकेला त्यात तोटा नसावा: बँक ऑफ इंग्लंडच्या बेंजामिन गुइन आणि पेर्टू कोर्होनेन यांच्या २०२० च्या शोधनिबंधात ऊर्जाक्षम घरांच्या कर्जांत थकबाकीचं प्रमाण कमी आढळलं, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात 'एनर्जी स्टार' हे ऊर्जाबचतीचं प्रमाणपत्र असलेल्या घरांच्या कर्जबुडीची जोखीम सरासरी ३२ टक्के कमी होती.

कर्जदात्याचे स्वतःचेच नियम आड येतात, याकडे सहसा कोणी बघत नाही. ब्रिटनमध्ये छपराच्या लाकडावर इन्सुलेशनचा स्प्रे फोम मारलेल्या घरांना अनेक संस्था कर्ज देत नाहीत, कारण फोमखाली लाकूड कुजलं तरी दिसत नाही. भीती रास्त आहे. पण हे मालकाला काम झाल्यावर घर विकताना कळतं. कोणती कामं आणि कोणती सामग्री मान्य, याची यादी कर्ज देतानाच हातात द्यायला काय हरकत आहे? छत २५ वर्षांसाठी सौर कंपनीला भाड्याने दिलेलं असेल तर तारण अडकतं, त्याचंही तसंच. हक्काचा क्रमही ठरवून ठेवावा. अमेरिकेत पेस योजनेतलं सुधारणेचं कर्ज मालमत्ताकरासारखं वसूल होतं आणि गृहकर्जाच्या आधी फेडलं जातं; २०१० मध्ये संघीय गृहवित्त नियामकाने त्यावर हरकत घेतली आणि घरगुती पेस बहुतेक ठिकाणी ठप्प झाली. सुधारणेचं कर्ज त्याच संस्थेने, त्याच तारणावर दिलं तर हा वाद उद्भवत नाही.

नव्या घरांत कर्जदाता खरेदीदाराशी बोलेपर्यंत उशीर झालेला असतो, सिमेंट ओतून झालेलं असतं. सिमेंटच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के भाग चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, इंधन बदलून तो जात नाही. क्लिंकरच, म्हणजे या भाजण्यातून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक, कमी करावा लागतो. एलसी-३ सिमेंटमध्ये साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं, आणि उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. असा बदल करायचा तर अट बिल्डरच्या बांधकाम कर्जात, पायाचा आराखडा पक्का होण्याआधी हवी. ईएन १५९७८ या युरोपीय मानकाप्रमाणे साहित्य आणि बांधकाम या टप्प्यांचा हिशोब, काँक्रीट-पोलादाच्या उत्पादनाची पर्यावरण घोषणापत्रं, आणि हप्ता सोडताना पावत्यांवरून प्रत्यक्ष वापरलेल्या मालाची पडताळणी. हे उत्सर्जन वर सांगितलेल्या गृहकर्जाच्या हिशोबात येत नाही, त्यामुळे फक्त नवीकोरी ए लेबलची घरं घेणारी बँक कागदावर उजळ दिसते.

फ्लॅटांच्या इमारतीत वैयक्तिक गृहकर्जाचा उपयोग थोडा. छप्पर, बाहेरची भिंत, पाण्याच्या नळ्या सामाईक, आणि एका सदनिकेला एकटीने काही करता येत नाही. तिथे कर्ज मालकांच्या संस्थेला द्यावं लागतं, तारणाऐवजी देखभाल शुल्काच्या वसुलीवर. मंजुरीआधी तीन वर्षांचा ताळेबंद, थकबाकीदारांची टक्केवारी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव बघावा. मुदत १५ वर्षांच्या आत बसवली तर मासिक शुल्कातली वाढ सभेत मान्य होत नाही. २० ते ३० वर्षांची मुदत ठेवा, आणि ज्यांना एकरकमी भरायचं आहे त्यांना तशी मुभा करारातच लिहून द्या.